रेग्युलेटरवर नसलेला आकडा

पंखेबुवांना जगातली कुठलीही गोष्ट पंख्याच्या रेग्युलेटरवर मोजायची सवय. डॉक्टरांनी विचारलं, ताप किती वाटतोय, तर म्हणायचे, "काल चारावर होता, आज दोनावर आलाय." समोरच्या घरातल्या काकूंचा राग तिनावर आहे की पाचावर, हे ते भांडी घासण्याच्या आवाजावरून सांगत, आणि त्यांचं निदान चुकल्याचं गल्लीत कुणाला आठवत नाही. हवामानाचं तर विचारूच नका. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा पाचावरून दोनावर येतो तो काळ. त्या दिवसांत आम्ही कानांना मफलर गुंडाळतो आणि पंखा दोनावर ठेवून झोपतो. यात काही विचित्र आहे असं आमच्यातल्या एकालाही आजवर वाटलेलं नाही.

बुवांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. इतकं अरुंद की आत एक माणूस आणि एक पंखा मावतो. गिऱ्हाईक आलं की दोघांपैकी एकाला बाहेर यावं लागतं. भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं, छताला बिनपात्याचे पंखे वटवाघळांसारखे लटकलेले, आणि वार्निशचा वास असा की आंधळ्यालासुद्धा दुकान सापडावं. जळून कोळसा झालेला पंखा आत जायचा आणि नवी तार गुंडाळून, न कुरकुरता बाहेर यायचा. माणसांसाठी असं एखादं दुकान निघालं तर किती बरं होईल, असं आम्ही त्या काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणत असू.

त्या दुकानात एक नियम होता: उलट्या पंख्याचा चहा. पंख्यातून तीन तारा निघतात. त्यातल्या दोघींची अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो आणि वारा माणसाला द्यायचा सोडून छताला घालतो. लांबून काही कळत नाही. पाती गरगरत असतात, खाली बसलेला माणूस घामाने निथळत असतो आणि आपलंच काहीतरी बिघडलंय असं समजून डॉक्टरकडे जातो. पंखेवाल्याच्या धंद्यात याच्याइतकी नाचक्की नाही. म्हणून ज्याच्या हातून पंखा उलटा जोडला जाईल, त्याने त्या घडीला तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला चहा पाजायचा. बुवांच्या हाताखाली तयार झालेल्या सगळ्या कारागिरांनी तो पाजला होता. बुवांनी फक्त प्यायला होता. चाळीस वर्षं.

त्यांची एकुलती एक लेक नर्स होऊन लांबच्या एका थंड देशात गेली आणि तिथल्याच एका बसड्रायव्हरशी लग्न करून राहिली. ती फोनवर म्हणायची, "बाबा, आज इथे उणे बारा आहे."

"उणे? अगं, रेग्युलेटरवर शून्याच्या मागे काही नसतं. शून्य म्हणजे बंद. बंदच्या मागे काय असणार?"

"बर्फ असतो, बाबा."

"असू दे. हॉलमधला पंखा कुठल्या कंपनीचा आहे?"

"पंखा नाहीये."

"बरं, आतल्या खोलीतला?"

"बाबा, घरातच पंखा नाही. अख्ख्या गावात नाही."

फोन ठेवून बुवा बाहेर आले आणि दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. "जावईबापू माणूस सोन्यासारखा आहे," ते म्हणाले, "पण हात आखडता दिसतोय हो. लेकीला साधा पंखा घेऊन दिला नाही." गल्ली हळहळली. काकूंनी तर डोळ्याला पदर लावला. त्यांची स्वतःची सून भर दुपारी पंखा बंद करते, हे त्या निमित्ताने त्यांनी सगळ्यांना पुन्हा सांगितलं.

बुवांची बायको गेली तेव्हापासून लेक मागे लागली होती: "आता इकडेच या. कायमचे." बुवा टाळत होते. पाच वर्षांची नात, जिला ते चिमणी म्हणत, फोनवर दिसली की त्यांचं नाक पडद्याला टेकायचं. तिकडे तिला फक्त आजोबांच्या मिशा दिसायच्या. जायचं तर मनातून होतंच. पण आमच्यासमोर म्हणायचे, "जिथे पंखा नाही तिथे मी काय करू? खिडकीत बसून डोंगर मोजू? हाताला काम आहे तोवर माणूस. मग फर्निचर. झाडू मारताना उचलून बाजूला ठेवतात."

शेवटी महिनाभरासाठी कबूल झाले, तेही परतीचं तिकीट खिशात घालून. आणि निघताना बॅगेत काय, तर रेग्युलेटरसकट पंखा. दुकानातला सगळ्यात देखणा, स्वतःच्या हाताने तार भरलेला, पाती बायकोच्या शालींत गुंडाळलेली. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने बॅग उघडून विचारलं, हे काय? बुवांनी छताकडे बोट करून ते गोल फिरवलं. अधिकाऱ्याने काचेबाहेर पडणाऱ्या बर्फाकडे पाहिलं, मग बुवांकडे, आणि बॅग स्वतःच्या हाताने बंद करून दिली.

बुवा सांगतात, आपला मुलूख आडवा आहे आणि त्यांचा उभा. आपण गल्लीच्या टोकाला उभं राहिलं तर पुढच्या गावात वाळत घातलेली चादर दिसते. सायकलला घंटी लागते, ब्रेक लागतो, बाकी काही लागत नाही. उभ्या मुलुखात शेजाऱ्याकडे साखर मागायला जायचं तर वाटेतच दम मागून घ्यावा लागतो. आणि माणसं? विमानतळापासून लेकीच्या गावापर्यंत जावईबापूंच्या बसमधून त्यांना रस्त्यात तीनच माणसं दिसली. त्यातलं एक बुजगावणं निघालं.

घर लाकडी, उतरत्या छपराचं. मधला हॉल इतका उंच की वर पाहताना बुवांची टोपी पडली. कोपऱ्यात बुवांच्या दुकानाएवढी लोखंडी शेगडी, आणि तिच्याशेजारी तिच्याएवढेच व्याही. दाराला लागतील एवढे खांदे, झाडूसारख्या मिशा. पंचक्रोशीतल्या शेगड्या बसवणं आणि धुराडी साफ करणं हा त्यांचा धंदा. बायको गेल्यापासून तेही लेकाकडेच राहत. म्हणजे एक व्याही गारवा विकणारा, दुसरा ऊब विकणारा. लग्न जुळताना इतकं बघायचं राहून गेलं होतं.

पहिल्या दिवशी दोघांमध्ये लेक दुभाषी होती. बुवा म्हणाले, "ही काय माणसांनी राहायची जागा आहे? फ्रिजमध्ये निदान दार उघडलं की दिवा तरी लागतो." लेकीने तिकडे सांगितलं, "बाबांना इथली शांतता आवडली." शेगडीबुवांनी मिशांतून लांबलचक काहीतरी सांगितलं. लेक इकडे म्हणाली, "म्हणतात, दमला असाल, आराम करा." दोन्ही व्याही एकमेकांकडे पाहून गोड हसले.

दुसऱ्या दिवशी लेक दवाखान्यात गेली, जावईबापू बसवर गेले, आणि दुभाषाचं काम चिमणीकडे आलं. तिला दोन्ही भाषा छान येत होत्या. शिष्टाचार अजून एकाही भाषेतले येत नव्हते.

"पंखाआजोबा," ती म्हणाली, "शेगडीआजोबा विचारतात, तुम्ही घरात दोन टोप्या घालून का बसता? आणि काल ते आराम करा असं म्हणालेच नव्हते. ते म्हणाले, हा माणूस आठवडाभरसुद्धा टिकायचा नाही."

बुवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्या थंडीत त्यांना बऱ्याही वाटल्या. "असं म्हणाले? त्यांना सांग, तुमच्या अख्ख्या तालुक्यात जेवढी माणसं आहेत ना, तेवढी आमच्याकडे एका लग्नाला येतात."

चिमणीने सांगितलं. शेगडीबुवांनी लाकूड आत सरकवत विचार केला. "शेगडीआजोबा विचारतात, मग त्यात नवरा-नवरी सापडतात का?"

"सापडतात म्हणावं! आणि तुमच्याकडे माणूस दिसला तर काय करता?"

"ते म्हणतात, आम्ही दुर्बीण काढतो. कोण येतंय ते बघतो आणि पाणी उकळायला ठेवतो. तो पोचेपर्यंत ते उकळतं."

"आमच्याकडे सूर्य बारा महिने असतो, सांग."

याचं उत्तर शेगडीबुवांनी उभं राहून दिलं. "ते म्हणतात, आमच्याकडे सूर्य पाहुणा आहे, म्हणून तो आला की आम्ही खुर्ची बाहेर टाकतो. तुमच्याकडे तो घरजावई आहे, म्हणून तुम्ही खिडक्या लावून घेता."

बुवांना हसू फुटलं. ते त्यांनी घाईघाईने मफलरमध्ये दडवलं. त्या दिवसापासून सकाळी लेक-जावई बाहेर पडले की शेगडीपाशी दोन खुर्च्या समोरासमोर लागायच्या आणि दोन देशांची झुंज सुरू व्हायची. नद्या काढून झाल्या, पाऊस काढून झाला, रस्ते काढून झाले. बुवांनी गर्दीत हरवलेली माणसं सांगितली, शेगडीबुवांनी बर्फात हरवलेल्या मेंढ्या सांगितल्या. दोघांचं जमतंय असं लेकीला वाटायचं, कारण ती घरी आली की दोघंही गप्प बसायचे.

एका गोष्टीवर मात्र शेगडीबुवा काही बोलत नसत. ती शेगडी त्यांनी लेकाच्या घरासाठी स्वतः घडवली होती, आणि तिच्यात कितीही लाकडं घातली तरी हॉलची जमीन लादीसारखी गार राहायची. चिमणी मोज्यांवर मोजे चढवून खेळायची. घरची मांजर शेगडीपाशी फिरकतसुद्धा नसे. उंच छताखालच्या तुळईवर हातपाय ताणून पडलेली असायची. कुणी विषय काढला की शेगडीबुवा मुकाट्याने आणखी एक लाकूड घालायचे.

महिना संपत आला. एके संध्याकाळी लेक स्वयंपाकघरात बुवांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "बाबा, थांबा ना."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? चिमणी तुमचं बोट धरल्याशिवाय झोपत नाही."

"बोट ठेवून जातो," बुवा म्हणाले. मग विनोद जमला नाही हे त्यांचं त्यांनाच कळलं. "अगं, तू दवाखान्यात, तो बसवर, व्याही कुणाच्या तरी धुराड्यात. मागे कोण? मांजर आणि मी. ती निदान तुळईवर तरी चढते. मला इथे काही काम नाही गं. तिकडे गिऱ्हाइकं खोळंबली असतील."

फोडणीसुद्धा न घालता लेकीने भाजी उतरवली.

"जायच्या आधी एक करतो," बुवा म्हणाले. "माझा पंखा टांगून जातो. फिरवू नका हवं तर. लेकीच्या घरात बापाच्या हातचा पंखा असला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सगळे हॉलमध्ये जमले. जावईबापूंनी तुळईला हूक ठोकला आणि खालून वायर वर नेली. बुवा शिडीवर चढले. शिडी धरायला शेगडीबुवा, आणि दोघांच्या मध्ये, तिसऱ्या पायरीवर, चिमणी. बुवांची बोटं गारठून लाकडं झाली होती. अंगठा कुठला आणि पक्कड कुठली ते डोळ्यांनी बघून ठरवावं लागत होतं. तारा जोडायची वेळ आली, आणि नेमका तेव्हाच खालून प्रश्न आला.

"पंखाआजोबा, शेगडीआजोबा विचारतात, तुमचा मुलूख एवढा सपाट आहे, डोंगर नाहीत, बर्फ नाही, मग तुम्ही वर मान करून बघता तरी कशाकडे?"

"पंख्याकडे!" बुवा गरजले आणि त्याच तिरमिरीत त्यांनी तारा पिळून टेप लावली.

खाली उतरले. टोपी सारखी केली. बटण चिमणीच्या हस्ते दाबलं, रेग्युलेटर एकावर. पंखा हलला, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली. बुवांचा चेहरा पांढरा पडला. जाणत्या माणसाला पात्यांचा कल एका नजरेत कळतो.

"बंद करा!"

"काय झालं, बाबा?"

"उलटा. उलटा फिरतोय. माझ्या हातून!" ते भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले. "अहो, बंद करा तो आधी! व्याह्यांच्या डोळ्यांदेखत!"

चिमणीने इमानाने सगळं तिकडे सांगितलं, भिंतीचा आधार घेतल्याचंही. शेगडीबुवांनी बटणाकडे हात नेला आणि तो तसाच हवेत राहिला. तुळईवरच्या मांजरीने डोळे उघडले होते. तिने इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं, कपाटावर उडी मारली, तिथून खुर्चीवर, आणि हॉलच्या मधोमध, त्या गार जमिनीवर, ऐसपैस पसरली. चिमणीने वरचा मोजा काढला. थोड्या वेळाने खालचा.

शेगडीबुवा वाकले. त्यांनी तळहात जमिनीला लावला. मग गुडघे टेकले, आणि मग तो डोंगराएवढा माणूस सबंध आडवा झाला, गाल जमिनीला लावून, मिशा पसरून. एकच शब्द बोलला.

"शेगडीआजोबा म्हणतात, ऊब."

शेगडीची सगळी ऊब इतकी वर्षं सरळ छताशी जाऊन बसत होती, तिथे मांजरीशिवाय तिचा उपभोग घेणारं कुणी नव्हतं. उलट्या पंख्याने हवा हळूहळू वर रेटली, आणि वर कोंडलेली ऊब भिंतींच्या कडेने खाली माणसांत आली. आमच्याकडे ज्याला नाचक्की म्हणतात, तिने तिकडे घर गरम केलं होतं.

बुवांचं मात्र यात लक्षच नव्हतं. "नियम म्हणजे नियम," ते खोल आवाजात म्हणाले. "उलट्या पंख्याचा चहा. हजर असतील त्या सगळ्यांना. ठेव गं आधण."

चिमणीने नियम समजावला. शेगडीबुवा जमिनीवरूनच फोनला लागले. त्यांच्या मते गावात असलेला माणूस हजरच होता. तासाभरात सगळं गाव डोंगर उतरून चहाला आलं. सगळं गाव एका हॉलमध्ये बसलं, तरी खुर्च्या उरल्या. आलेल्या प्रत्येकाने आधी जमिनीला हात लावला, मग छताकडे पाहिलं, मग बूट काढले, मग मोजे. बुवा सांगतात, एका देशाची इतकी लोकसंख्या एका वेळी अनवाणी बघायचा योग फार थोड्यांना येतो.

चहा होता होता एक म्हातारी उठून बुवांसमोर आली आणि काहीतरी म्हणाली. मग दुसरा एक जण, मग आणखी तिघं.

"पंखाआजोबा, ते म्हणतात, आमच्या घरी पण उलटा पंखा लावून द्या."

बुवा ताडकन उठले. "मी उलटे पंखे लावत नाही म्हणावं! चाळीस वर्षांचं नाव आहे माझं! झाला तो अपघात होता. उद्या सुलटा करून देतो."

"नको!" सबंध हॉल ओरडला. ते समजायला चिमणीची गरज पडली नाही.

"बाबा," लेक हसत हसत डोळे पुसत म्हणाली, "इथे तोच सुलटा आहे."

बुवा पंख्याकडे बघत राहिले. मग त्यांनी रेग्युलेटरकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, जावईबापू सांगतात, धुराडं साफ झाल्यासारखा उजेड आला. "म्हणजे बंदच्या मागे हे असतं होय!" ते म्हणाले. "शून्य, मग उलटा एक, उलटा दोन. उणे बारा म्हणजे, अगं, हे रेग्युलेटरवर छापतच नाहीत ना, मला कसं कळणार?" आणि खिशातलं परतीचं तिकीट काढून त्याच्या कोऱ्या पाठीवर ते म्हातारीच्या हॉलची उंची लिहून घ्यायला लागले.

बुवा त्या हिवाळ्यात परत आलेच नाहीत. शेगडीबुवा पुढे चालायचे, धुराडं साफ करायचे. मागून बुवा, खांद्यावर आमच्या गल्लीतून पार्सलने गेलेला पंखा. मध्ये चिमणी, भाषा सांभाळायला. आले ते आमच्याकडे पंखा पाचावर गेला तेव्हा. आता तसंच ठरलंय. आपल्याकडे उकडायला लागलं की इकडे सुलटे, तिकडे गारठायला लागलं की तिकडे उलटे. पूर्वी आमच्या दोनावरच्या महिन्यांत बुवा दुकानात बसून जांभया द्यायचे. आता त्यांना फर्निचर व्हायला बारा महिन्यांत एक दिवसही मोकळा मिळत नाही.

यंदा शेगडीबुवाही बरोबर आले, चिमणीला घेऊन. पहिल्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना मान लववत होते. दुपारपर्यंत मान दुखायला लागली तेव्हा त्यांनी ते सोडलं. घामाने मिशा खाली आल्या होत्या. बुवांनी त्यांच्या हातात पक्कड दिली. "शिका म्हणावं, व्याहीबुवा. आमच्याकडे बसून खायची पद्धत नाही."

शेगडीबुवांनी जीभ दातांत धरून तीन तारा जोडल्या. पंखा फिरला. शेगडीबुवांचा चेहरा फुलला, त्यांनी छाती फुगवली आणि पंख्याकडे बोट केलं.

"शेगडीआजोबा म्हणतात, बघा, एकदम बरोबर!"

पंखा उलटा फिरत होता.

बुवा पायरीवर टेकले आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. बातमी काकूंच्या घरातून निघून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचायला फारसा वेळ लागला नाही. उलट्या पंख्याचा चहा, हजर असतील त्या सगळ्यांना. आणि आमच्या गल्लीत चहाच्या वेळी हजर नसलेला माणूस अजून जन्माला यायचाय. दुकानासमोर पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणी पायरीवर, कुणी सायकलवर, कुणी दुसऱ्याच्या पायावर. चहावाल्याने किटली सोडून बादली आणली. शेगडीबुवा त्या गर्दीच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी दाबले गेलेले, हातात कप धरून सगळ्यांकडे बघत होते. मग चिमणीच्या कानाशी वाकले.

"शेगडीआजोबा म्हणतात," चिमणी कुणाच्या तरी खांद्यावरून ओरडली, "आता कळलं, तुमच्या देशात शेगडी का लागत नाही!"